उडता कॅमेरा : एक नवी विद्या आणि एक नवा व्यवसाय



गणेशविसर्जनाची मिरवणूक असो, लग्नसमारंभ असो, किंवा एखाद्या नव्या इमारतीचें बांधकाम असो, हल्लीं डोक्यावर भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा आवाज येतो आणि आपण मान वर करून पाहतों तों चार पंख्यांचें एक चिमुकलें यंत्र कॅमेऱ्याचा डोळा खालीं रोखून अंतराळांत स्थिर उभें असतें. ह्यालाच ड्रोन म्हणतात. तें पाहून घरांतील विशी-बाविशीचा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला हें शिकावयाचें आहे, ह्या कामाचे पैसेहि मिळतात." मग आईबापांपुढें प्रश्न पडतो. हें खेळणें समजावें कीं धंदा? त्यासाठीं लाख-दीड लाख रुपये मोडावे, कीं मुलाची समजूत घालून स्वस्थ बसावें? ह्या प्रश्नाचा विचार आजच्या भाषणांत करण्याचें मीं योजिलें आहे.

माझें म्हणणें आधींच सांगून टाकतों. यंत्र हवेंत उडविणें आतां फार सोपें झालें आहे, आणि म्हणूनच केवळ तेवढ्यासाठीं कोणी फारसे पैसे देत नाहीं. केव्हां, कोठून व किती उंचीवरून चित्र घ्यावें, आणि केव्हां यंत्र पेटींतून बाहेरहि काढूं नये, ह्याचा निर्णय करतां येणें ही ह्या धंद्यांतील खरी विद्या होय. ती शिकण्यास वेळ लागतो; आणि ती न शिकतां जो ह्या धंद्यांत पडतो तो स्वतःबरोबर खालीं उभ्या असलेल्या निरपराध माणसांनाहि धोक्यांत घालतो.

उंचावरून पृथ्वीचें चित्र घ्यावें ही हौस कांहीं नवी नाहीं. १८५८ सालीं नादर ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमध्यें बसून छायाचित्र घेतलें. १९०६ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें आणि आगीनें उद्ध्वस्त झालें, तेव्हां जॉर्ज लॉरेन्स ह्या अमेरिकन गृहस्थानें पतंगांच्या माळेला कॅमेरा टांगून त्या शहराचें विस्तीर्ण चित्र टिपलें. पुढें विमानें व हेलिकॉप्टरें आलीं. परंतु त्यांचें भाडें मोठ्या चित्रपटसंस्थांनाच परवडे. २०१३ सालच्या जानेवारींत चीनमधील डी.जे.आय. ह्या कंपनीनें 'फँटम' नांवाचें तयार यंत्र बाजारांत आणलें, आणि जें काम हेलिकॉप्टराशिवाय होत नसे तें हातांतील पेटींत मावूं लागलें.

हें यंत्र उडतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. त्याला चार पंखे असतात. त्यांपैकीं दोन घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतात व दोन उलट फिरतात. पंखा एका दिशेनें फिरूं लागला म्हणजे त्याला धरून ठेवणारें अंग उलट दिशेनें फिरूं पाहतें. चारहि पंखे एकाच दिशेनें फिरते तर सबंध यंत्र भिंगरीसारखें गरगरलें असतें. मागचे दोन पंखे जोरानें फिरले कीं यंत्र पुढें झुकतें व पुढें जातें. डावीकडचे दोन जोरानें फिरले कीं उजवीकडे सरकतें. हा सर्व तोल माणसाच्या हातांनीं सांभाळला जाणार नाहीं. म्हणून यंत्राच्या पोटांत कल ओळखणारीं सूक्ष्म उपकरणें, हवेच्या दाबावरून उंची मापणारा वायुभारमापक, होकायंत्र आणि उपग्रहांच्या साहाय्यानें आपली जागा ओळखणारा जी.पी.एस. ग्राहक बसविलेला असतो. आणि एक छोटा संगणक सेकंदांत शेंकडों वेळां पंख्यांची गति कमीजास्त करीत असतो. कॅमेरा तर गिंबल नांवाच्या, तीन अक्षांवर हलणाऱ्या झुल्यांत टांगलेला असतो, त्यामुळें यंत्र डगमगलें तरी चित्र डगमगत नाहीं.

ह्याचा परिणाम असा होतो कीं हातांतील नियंत्रकाच्या दोन्ही दांड्या सोडून दिल्या तरी यंत्र जागच्याजागीं लटकत राहतें. नवखा माणूस पाव तासांत तें वर-खालीं, पुढें-मागें नेऊं लागतो आणि आपल्याला उडविण्याची कला साधली असें समजतो. येथेंच फसगत आहे. कला त्याला आलेली नसते. ती यंत्राला आलेली असते. उंच इमारतींच्या गल्लींत उपग्रहांचे संदेश अडले, किंवा स्लॅबमधील लोखंडामुळें होकायंत्र बहकलें, म्हणजे यंत्र आपला हात सोडतें; आणि मग वाऱ्याबरोबर वाहत चाललेलें तें धूड सांभाळण्याची पाळी माणसावर येते. त्या अर्ध्या मिनिटासाठींच सारें शिक्षण असतें.

शिक्षणाचा क्रम साधा आहे. आरंभ घरच्या संगणकावरील कृत्रिम उड्डाणानें करावा; तेथें यंत्र शंभरदां आपटलें तरी खर्च येत नाहीं. नंतर मोकळें मैदान, सकाळची वेळ आणि हलकें यंत्र. पुरुषभर उंचीवर एका जागीं स्थिर ठेवणें, मग चौकोन, मग वर्तुळ, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट. ह्यांत नवशिक्याला सर्वांत जड जातें तें यंत्राचें तोंड स्वतःकडे असतांना उडविणें. अंतरपाटाच्या दोन बाजूंस उभ्या असलेल्या वधूवरांपैकीं एकाचा उजवा हात तो दुसऱ्याच्या डावीकडे असतो; तोच प्रकार येथें होतो. यंत्र आपल्याकडे येत असतां दांडी उजवीकडे दाबली तर तें आपल्या डावीकडे जातें. विचार करून हात हलवावयाचा तर उशीर होतो. म्हणून हाताला तें आपोआप कळेपर्यंत सराव करावा लागतो. शेवटीं उपग्रहांची मदत बंद करून, जेथें यंत्रांत ती सोय असेल तेथें, केवळ हातावर उडविण्याचा अभ्यास करावा.

ह्यानंतरचा गुरु म्हणजे वारा. जमिनीवर झाडाचें पान हलत नसतांहि शंभर मीटरांवर चांगला वारा असूं शकतो. एक हिशेब पाहा. यंत्राचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा ६ मीटर वेगानें वाहत आहे असें समजा. वाऱ्याबरोबर जातांना यंत्र सेकंदाला १६ मीटर जाईल, म्हणजे ८०० मीटरांवरच्या टेकडीपाशीं तें ५० सेकंदांत पोंचेल. परततांना मात्र त्याला सेकंदाला चारच मीटर कापतां येतील. तेंच अंतर यावयास २०० सेकंद, म्हणजे चौपट वेळ लागेल. जातांना खर्च झालेल्या बॅटरीवरून परतीचा अंदाज बांधणारा माणूस येथेंच यंत्र गमावतो. म्हणून जाणते चालक प्रथम वाऱ्याच्या तोंडावर जातात, म्हणजे परतीची वाट सोपी होते. आणि बॅटरींत तिसरा हिस्सा शक्ति उरली असतांच माघारी वळतात.

ही बॅटरी लिथियमची असते. तिच्या प्रत्येक घटाचा दाब साधारणतः ३.७ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट धरतात. ती पूर्ण भरून महिनाभर कपाटांत ठेवणें किंवा पूर्ण रिकामी करून ठेवणें हीं दोन्ही तिच्या आयुष्याला घातक आहेत, ठेवणीसाठीं ३.८ व्होल्टांच्या आसपासची स्थिति बरी. फुगलेली बॅटरी पुन्हां कधींहि वापरूं नये, कारण तिला आग लागण्याचा संभव असतो. आगपेटीइतकी खबरदारी जिची घ्यावी अशी ही वस्तु मुलांच्या खोलींत गादीखालीं पडलेली नसावी, हें आईबापांनींहि लक्षांत ठेवावें.

बहुतेक यंत्रांत 'घरीं परत' अशी एक कळ असते. संपर्क तुटला किंवा कळ दाबली कीं यंत्र ठरविलेल्या उंचीपर्यंत चढतें आणि जेथून उडालें त्या ठिकाणीं येऊन उतरतें. सोय मोठी आहे. परंतु ती आंधळेपणानें वापरण्याची नव्हे. परतीची उंची ३० मीटर ठरविली आणि वाटेंत ४० मीटरांची इमारत असली, तर अडथळा ओळखण्याची सोय नसलेलें यंत्र भिंतीवर आदळेल. मालवणच्या किनाऱ्यावर होडींतून यंत्र सोडलें आणि होडी दरम्यान वाहत गेली, तर यंत्र इमानेंइतबारें जुन्या जागीं परतून समुद्रांत उतरेल. ह्याखेरीज आपल्याकडील कांहीं संकटें खास आपलीं आहेत. संक्रांतीच्या दिवसांत आकाशांत मांजा पसरलेला असतो. घारी आपल्या हद्दींत शिरलेल्या ह्या परक्या पांखरावर झडप घालतात. कोंकणांतील खारट दमट हवा धातूला गंज चढविते, आणि पावसाचे चार थेंबहि पुष्कळ यंत्रांस सोसत नाहींत.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या देशांत २०१४ सालच्या ऑक्टोबरांत नागरी उपयोगासाठीं ड्रोन उडविण्यास मनाई झाली होती. २०१८ च्या डिसेंबरांत नियमबद्ध परवानगी मिळाली. आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजीं 'ड्रोन नियम, २०२१' प्रसिद्ध झाले. ह्या नियमांनीं वजनाप्रमाणें वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढें २ किलोपर्यंतचा मायक्रो, त्यापुढें २५ किलोपर्यंतचा स्मॉल. आणि त्याहून मोठे आणखी दोन. कॅमेऱ्याचीं बहुतेक यंत्रें पहिल्या दोन वर्गांत येतात. नॅनो यंत्र चालविण्यास चालकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. मायक्रो यंत्र हौसेखातर उडवावयाचें तरी तें लागत नाहीं. परंतु पैसे घेऊन काम करावयाचें म्हटलें कीं लागतें. त्यासाठीं वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेंतील शिक्षण अशा अटी असून प्रमाणपत्र दहा वर्षें चालतें. यंत्राचा ओळखक्रमांक मात्र नॅनोलाहि चुकत नाहीं. तो सरकारी व्यवस्थेंत नोंदवून घ्यावा लागतो. नॅनोहून मोठ्या यंत्राला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाहि हवा. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आकाशाचेहि तीन विभाग केलेले आहेत. हिरव्या विभागांत साधारणतः ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरांपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाहीं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरांच्या पट्ट्यांत ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या विभागांत विमान-नियंत्रण कक्षाची संमति लागते आणि तांबड्या विभागांत केंद्र सरकारची. पुण्याचेंच उदाहरण घ्या. लोहगांवचा विमानतळ हवाईदलाचा, आणि खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तेव्हां शहरांत कोठेंहि यंत्र काढून उडवावें अशी स्थिति नाहीं. मुंबईंत तर विमानतळ व नौदलाचीं ठाणीं आहेतच, शिवाय पोलीस आयुक्तांचे मनाईहुकूम वेळोवेळीं निघत असतात. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादींत गेल्यापासून पुष्कळांना त्यांचें हवाई चित्रण करण्याची हौस आहे. परंतु रायगडासारख्या संरक्षित वास्तूवर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून यंत्र उडवितां येत नाहीं. आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीं पाहावी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनांच्या आयातीस, संशोधन व संरक्षणासारखे अपवाद वगळून, बंदी घालण्यांत आली. म्हणून दुकानदाराच्या गोड बोलण्यावर न जातां, ह्या यंत्राला ओळखक्रमांक मिळणार कीं नाहीं, एवढा एकच प्रश्न आधीं विचारावा.

एवढें झाल्यावर कॅमेऱ्याची पाळी येते, आणि येथें उडविणारा व चित्रकार हे दोन निराळे होतात. नवशिक्याला वाटतें, जितकें उंच तितकें सुंदर. वस्तुतः शंभर मीटरांवरून सर्व गांवें सारखींच दिसतात. देवळाच्या शिखराच्या बरोबरीनें, झाडांच्या शेंड्यांवरून, दहा-वीस मीटरांवर मंद गतीनें सरकणारें चित्र अधिक बोलकें असतें. एका वेळीं एकच हालचाल करावी व ती दहा सेकंद तरी मोडूं नये. प्रकाशाचाहि हिशेब आहे. सेकंदाला २५ चित्रें घेणाऱ्या व्हिडिओंत प्रत्येक चित्राला सेकंदाचा सुमारें ५० वा भाग प्रकाश मिळाला तर हालचाल डोळ्याला गोड दिसते. परंतु आपल्याकडील भर दुपारच्या उन्हांत अशा कॅमेऱ्याच्या मोठ्या छिद्राला ३२०० वा भागहि पुरतो. हा फरक चौसष्ट पटींचा झाला. तो भरून काढण्यास भिंगावर प्रकाशाचा चौसष्टावा हिस्साच आंत सोडणारी काळसर कांच बसवावी लागते. नाहींतर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहावी, आणि पुष्कळ वेळां हाच उपाय उत्तम ठरतो.

आतां मिळकतीचा प्रश्न. लग्नें, विक्रीस काढलेलीं घरें व भूखंड, बांधकामाच्या मासिक प्रगतीचीं चित्रें, कोंकण-गोव्यांतील विश्रामगृहांच्या जाहिराती, कारखान्यांच्या छपरांची पाहणी, अशीं कामें ह्या धंद्यांत मिळतात. परंतु हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. समजा, यंत्र, जादा बॅटऱ्या, शिक्षण, विमा व संगणकाचा हिस्सा मिळून १,८०,००० रुपये लागले आणि सामान तीन वर्षें टिकलें. म्हणजे वर्षाला ६०,००० झाले. वर्षांत चाळीस कामें मिळालीं तर प्रत्येक कामामागें १,५०० रुपये नुसती झीज झाली. प्रवास, दुरुस्ती व स्वतःची मजुरी तींत आलेलीच नाहीं. शिवाय वीस मिनिटांच्या तीन उड्डाणांसाठीं एक दिवस प्रवासांत व पाहणींत जातो, आणि एक-दोन दिवस संगणकावर चित्रें निवडून जोडण्यांत जातात. जो मुलगा 'तासाभराचें काम' म्हणून दीड हजारांत होकार देतो तो फुकट राबतो, आणि दुसऱ्यांचाहि दर पाडतो.

म्हणून काम घेण्यापूर्वीं सर्व गोष्टी लेखी ठरवाव्या. किती मिनिटांचें चित्र द्यावयाचें, वारा-पावसानें काम रद्द झाल्यास काय, परवानगी कोणीं काढावयाची, अनामत किती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, मोबदला देऊन करून घेतलेल्या छायाचित्राची व चित्रपटाची प्रथम मालकी, उलट करार नसल्यास, काम सांगणाराची असते. तेव्हां आपल्या कामाचा नमुना पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवावयाचा असेल तर तशी मुभाहि त्याच कागदावर घ्यावी.

परंतु जो प्रसंग कागदावर सुटत नाहीं, त्याकडे आतां वळतों. मंगल कार्यालयाच्या अंगणांत चारशें माणसें जमलीं आहेत. वधूपिता म्हणतो, "माळा घालतांना यंत्र अगदीं डोक्यावर आणा, पैशाची काळजी करूं नका." नऊशें ग्रॅमचें यंत्र ३० मीटरांवरून पडलें तर, हवेचा विरोध सोडून दिल्यास, जमिनीशीं येईपर्यंत त्याचा वेग ताशीं सुमारें ८७ किलोमीटर होतो. खालीं आजीच्या मांडीवर झोपलेलें मूल असूं शकतें. यंत्र सहसा पडत नाहीं हें खरें. पण पडणार नाहीं असें त्याच्या निर्मात्यालाहि लिहून देतां येत नाहीं. अशा वेळीं चालकानें नम्रपणें, परंतु ठाम, नाहीं म्हटलें पाहिजे, आणि दुसरी तोड सुचविली पाहिजे. मंडप मोकळा असतां सकाळींच त्याचें दृश्य घ्यावें, वरात अंगणाबाहेरच्या रिकाम्या बाजूनें तिरप्या कोनांतून टिपावी, आणि माळांचा क्षण हातांतील कॅमेऱ्यानें घ्यावा. यजमान पांच मिनिटें रुसेल. पण उत्तम चित्र हातीं आल्यावर तोच दुसऱ्याला नांव सुचवील.

तीच गोष्ट शेजाऱ्याच्या गच्चीची. वाळवणें घालणाऱ्या स्त्रिया, अंगणांत न्हाणारीं मुलें, खिडकींतील आजारी माणूस, ह्यांनीं कोणाला चित्राची परवानगी दिलेली नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. परंतु न्यायालयानें सांगण्यापूर्वींहि दुसऱ्याच्या परसांत डोकावूं नये हा शिष्टाचार आपल्या घरांत होताच. भिंत ओलांडणारा डोळा हातीं आला म्हणून तो शिष्टाचार कांहीं रद्द होत नाहीं.

तेव्हां आईबापांना माझें सांगणें असें. मुलाला एकदम नाहीं म्हणूं नका, आणि एकदम लाख रुपयेहि काढून देऊं नका. प्रथम संगणकावरील सराव व एक हलकें यंत्र. त्याबरोबर मोबाईलनें घेतलेलीं चित्रें जोडून एखादी छोटी गोष्ट सांगण्याचा अभ्यास. सहा महिन्यांनीं एखाद्या अनुभवी चालकाच्या हाताखालीं बॅटऱ्या वाहण्याचें व आकाशाकडे लक्ष ठेवण्याचें काम. त्यानंतर प्रमाणपत्र, आणि मग मोठें यंत्र. ह्या सर्व काळांत त्याला एक वही ठेवावयास लावा. तारीख, जागा, वारा, बॅटरी, काय घडलें, ह्यांची तींत नोंद असावी. आणि ती वही चाळतांना आज किती उंच गेलास असें विचारण्यापेक्षां, आज कोणत्या ठिकाणीं उडविण्याचें टाळलेंस व कां टाळलेंस, असें विचारा. त्या प्रश्नाला नीट उत्तर येऊं लागलें म्हणजे पुढचे पैसे देण्यास हरकत नाहीं असें खुशाल समजावें.